ओपन लायसन्सखाली टीटीआरपीजी पुस्तक काढताय? या चुका टाळा

समजा, टीटीआरपीजीसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं बनून खेळायच्या खेळासाठी, पन्हाळ्यावर घडणारं 32 पानांचं अॅडव्हेंचर तयार आहे. तीन दरवाजातून शिरायचं, अंधारबावेत उतरायचं आणि शेवटचा सामना अंबरखान्यात. चार-पाच वेळा खेळून बघितलंय, नकाशा झालाय, आता कोल्हापुरातच छापायचं आणि पीडीएफ ऑनलाइन विकायची. इथपर्यंत आलेली मंडळी हमखास विचारतात, "डी अँड डी आता ओपन झालंय ना?" डी अँड डी म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', याच प्रकारातला खेळ, आणि ओपन म्हणजे कुणालाही वापरायला खुलं. प्रश्नच चुकीचा आहे, आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात. परवाना खेळाला नसतो, ठरावीक मजकुराला असतो.

घरातलं पुस्तक उघडून त्यातून उतरवणं

27 जानेवारी 2023 रोजी डी अँड डीची कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने खेळाच्या मूळ नियमांचं सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट 5.1, म्हणजे एसआरडी, क्रिएटिव्ह कॉमन्स अॅट्रिब्युशन 4.0 (सीसी-बाय 4.0, श्रेय देऊन वापरायचा परवाना) खाली खुलं केलं. एप्रिल 2025 मध्ये 5.2 त्याच परवान्याखाली आलं. खुली आहे ती ही पीडीएफ. प्लेअर्स हँडबुक आणि मॉन्स्टर मॅन्युअल ही खेळाची विकत मिळणारी पुस्तकं खुली नाहीत.

फरक किती आहे ते बघा. एसआरडी 5.1 मध्ये 12 क्लास (पात्रांचे पेशे) आहेत, पण प्रत्येकाचा सबक्लास (उपप्रकार) एकच. फीट (पात्राचं जादा कौशल्य) एकच, ग्रॅपलर. हँडबुकात 'मेल्फ्स अॅसिड अॅरो' आणि 'टाशाज हिडियस लाफ्टर' असे स्पेल (मंत्र) आहेत. एसआरडीत ते नुसते 'अॅसिड अॅरो' आणि 'हिडियस लाफ्टर'. मेल्फ आणि टाशा ही पात्रं कंपनीची, म्हणून ती नावं काढलेली. बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट या मॉन्स्टरांचे स्टॅट ब्लॉक (ताकदीच्या आकड्यांचे तक्ते) तर एसआरडीत नाहीतच.

म्हणून लिहिताना एसआरडीची पीडीएफच उघडी ठेवा. प्रत्येक मॉन्स्टर, स्पेल आणि वस्तूचं नाव त्यात शोधा. नोंद सापडली नाही तर ते घेऊ नका. नाव ओझरतं आलं असेल तर तेवढ्याने त्याचं वर्णन खुलं होत नाही.

उलट बाजूने, नको तिथे घाबरूही नका. वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आकडा मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा, ही खेळाची पद्धत आहे. पद्धतीवर कॉपीराइट नसतो. ती ज्या शब्दांत मांडली त्या शब्दांवर असतो.

मराठीत आणलं म्हणजे आपलं झालं, असं मानणं

ही आपल्याकडची खास चूक. बिहोल्डरचं नाव 'बहुनेत्र्या' ठेवलं, पण मोठा मधला डोळा, देठांवरचे दहा डोळे आणि प्रत्येकाचा तोच किरण तसाच ठेवला, तर ते भाषांतरच. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क मूळ मालकाकडेच आहे. एसआरडीतला मजकूर मात्र बिनधास्त मराठीत आणा, परवाना ती मुभा देतोच.

श्रेयाऐवजी आभार

'विझार्ड्स ऑफ द कोस्टचे मनःपूर्वक आभार' ही ओळ श्रेय म्हणून चालत नाही. श्रेयाचा मजकूर एसआरडीच्या सुरुवातीलाच तयार दिलेला आहे: दस्तऐवजाचं नाव, कंपनी, तो कुठे मिळतो, परवाना आणि त्याचा दुवा. तो इंग्रजीत जसाच्या तसा छापा, हवं तर खाली मराठी अर्थ द्या. कंपनीचा याशिवाय दुसरा उल्लेख करू नका असंही तिथेच म्हटलंय, त्यामुळे आभाराची ओळ काढाच.

लोक विसरतात ती दुसरी ओळ म्हणजे बदलांची. 'मजकूर मराठीत आणला असून स्टॅट ब्लॉकमध्ये बदल केले आहेत' एवढं पुरतं. मुखपृष्ठावर 'फाइव्ह-ई कॉम्पॅटिबल', म्हणजे पाचव्या आवृत्तीशी सुसंगत, असं लिहायला परवानगी आहे. डी अँड डीचा लोगो वापरायला नाही, कारण ट्रेडमार्क या परवान्यात येतच नाही.

दोन्ही परवाने एकदम चिकटवणं

'असू दे, जास्त सुरक्षित' म्हणून शेवटी 2000 सालचं ओपन गेम लायसन्स 1.0ए (ओजीएल), म्हणजे विझार्ड्सचाच जुना परवाना, सुद्धा छापलं जातं. यात फायदा काही नाही, बंधनं मात्र अंगावर येतात. ओजीएलमध्ये दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी सुसंगत असल्याचं त्याच्या परवानगीशिवाय लिहिता येत नाही, कुठला भाग खुला आहे ते स्पष्ट दाखवावं लागतं आणि परवान्याची पूर्ण प्रत प्रत्येक पुस्तकात घालावी लागते. ए-फाइव्ह आकारात ती एक-दोन पानं खाते. मधोमध पिन मारलेल्या 32 पानांत ती आधीच धरावी लागतात. सगळं एसआरडी 5.1 मधूनच घेतलं असेल तर सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) पुरे.

तिसऱ्याच प्रकाशकाच्या ओजीएल पुस्तकातून मॉन्स्टर घेतला, तर मात्र ओजीएल लागतंच, आणि तिथे कलम 15, म्हणजे कॉपीराइट सूचनांची यादी, नीट करा. त्या पुस्तकाची स्वतःची एकच ओळ उतरवून भागत नाही. तुम्ही जिथून उचललं त्याच्या कलम 15 मधल्या सगळ्या ओळी, स्वल्पविरामासकट, आणि शेवटी तुमच्या पुस्तकाचं नाव, वर्ष, हक्कधारक. साखळीतली एक कडी गळली तरी ते परवान्याचं उल्लंघन ठरतं.

पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाच्या रीमास्टर (सुधारित) पुस्तकांना 2023 चं ओआरसी हे वेगळंच खुलं लायसन्स आहे. त्यात तुम्ही नव्याने रचलेले खेळाचे नियमही आपोआप सगळ्यांना खुले होतात, 'माझे नियम राखीव' म्हणता येत नाही. गोष्ट, पात्रं आणि जागांची नावं तुमचीच राहतात.

चित्रांकडे दुर्लक्ष

मजकुराचं सगळं सांभाळून मंडळी चित्रांत अडकतात. आपल्याकडे चित्रकलेची परंपरा मोठी, त्यामुळे जुनं चित्र घ्यायचा मोह होतोच. भारतात चित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. आबालाल रहमान 1931 साली गेले, बाबूराव पेंटर 1954 साली. त्यांच्या चित्रांची मुदत संपली. चंद्रकांत मांडरे 2001 साली गेले. त्यांचं चित्र परवानगीशिवाय घेता येणार नाही.

ओळखीच्या चित्रकाराकडून नवं काम करून घेताना 'पैसे दिले, चित्र माझं' असं दर वेळी धरू नका. पैसे देऊन करून घेतलेल्या रंगचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा हक्क, उलट करार नसेल तर, कायद्याने करून घेणाऱ्याकडे येतो; बाकी कामांचा हक्क तुमच्याकडे यायला लेखी करार हवा. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पीडीएफ जगभर विकायची असेल तर हे दोन शब्द गाळणं महागात पडतं. 'छापील व डिजिटल, जगभर, अमुक वर्षं, मोबदला इतका' असं एका पानावर लिहून दोघांनी सही करा.

पन्हाळ्याचा नकाशा एखाद्या मार्गदर्शक पुस्तकातून किंवा गूगल मॅपवरून गिरवू नका. ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या आणि 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' असं श्रेय द्या. विकिमीडियावरचा फोटो बहुधा शेअर-अलाइक असतो: छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना छापा, आणि त्यावर रंगकाम करून नवं चित्र केलंत तर तेही त्याच परवान्याखाली द्या. 'नॉन-कमर्शियल' लिहिलेलं काही विकाऊ पुस्तकात घालू नका.

पुस्तक बाहेर पडल्यावर चूक सापडली तर

सीसी-बाय 4.0 मध्ये चूक कळल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केलीत तर परवाना आपोआप परत मिळतो. ओजीएलमध्येही 30 दिवसच. ब्लेड्स इन द डार्कसारख्या खेळांचा मजकूर सीसी-बाय 3.0 खाली आहे, त्या आवृत्तीत ही सोय नाही. तिथे हक्कधारकाला लिहून परवानगी घ्यावी लागते. म्हणून परवान्याचा आकडाही नोंदवून ठेवा.

त्याच दिवशी ऑनलाइन पीडीएफ बदला आणि तारीख लिहून ठेवा. उरलेल्या छापील प्रतींच्या आतल्या पानावर दुरुस्त श्रेयाची चिठ्ठी चिकटवा, आणि दुकानात ठेवलेल्या प्रती परत आणून त्यांवरही तीच.