दुर्मीळ संग्राह्य कार्डे : घरच्या घरी होणाऱ्या या चुका टाळा

चतुर्थीच्या आधी घराची साफसफाई सुरू झाली, की गोव्यातल्या अनेक घरांत माळ्यावरून बिस्किटांचा एखादा जुना पत्र्याचा डबा खाली येतो आणि त्यात रबराने बांधलेला कार्डांचा गठ्ठा सापडतो. कोणाच्या डब्यात नव्वदच्या दशकातील कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे असतात, कोणाच्या डब्यात बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची, तर आखातात किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने आणलेली पोकेमॉनची इंग्रजी कार्डेही काही घरांत निघतात. एखाद्या कार्डाला लाखो डॉलर मिळाल्याची बातमी घरात कोणीतरी वाचलेली असतेच, त्यामुळे त्याच दिवशी ती कार्डे पुसली जातात, उन्हात ठेवली जातात आणि संध्याकाळपर्यंत लॅमिनेशनच्या दुकानात पोहोचतात. चोर किंवा वाळवी यांच्यापेक्षा मालकाच्या या उत्साहानेच अधिक कार्डांचे मोल घालवलेले मी पाहिले आहे.

ओळख पटण्याआधी किंमत शोधणे

पोकेमॉनच्या जुन्या कार्डांबाबत सर्वांत नेहमीची फसगत तळाशी छापलेल्या सालामुळे होते. कार्डाखाली 1995 हा आकडा दिसला, की कार्ड त्या वर्षीचे आहे असे गृहीत धरले जाते. परंतु हा खेळ जपानमध्येच 1996 साली आला आणि त्याची इंग्रजी कार्डे अमेरिकेत विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने 1999 मध्ये बाजारात आणली. तळाची ओळ स्वामित्वहक्काची असते, छपाईच्या तारखेची नव्हे. तरीही ती ओळ निरुपयोगी नाही. 102 कार्डांच्या पहिल्या इंग्रजी संचात चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावली नसलेली जी आरंभीची छपाई आहे, तिच्या ओळीत 95, 96, 98 यांच्यापुढे 99 हाही आकडा येतो, आणि नंतरच्या, मोठ्या संख्येने छापलेल्या कार्डांत तो गाळलेला आहे. पहिल्या आवृत्तीचा शिक्का चित्राच्या खाली डाव्या बाजूला असतो. चारिझार्ड या एकाच पोकेमॉनच्या, म्हणजे 4/102 क्रमांकाच्या कार्डाच्या, शिक्क्याच्या, बिनसावलीच्या आणि साध्या प्रतींच्या किमतींत प्रचंड तफावत असते, त्यामुळे या तीन गोष्टी तपासल्याशिवाय इंटरनेटवर भाव पाहू लागणे म्हणजे म्हैस पाण्यात असताना तिचा सौदा करण्यासारखे आहे.

भाव पाहतानाही विक्रेत्याने मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची किंमत यांची गल्लत होते. मागायला कोणीही काहीही मागू शकतो; लिलावाच्या संकेतस्थळांवर पूर्ण झालेल्या विक्री वेगळ्या पाहण्याची सोय असते, तेवढ्याच विचारात घ्याव्यात, आणि त्याही आपल्या कार्डाच्या अवस्थेशी जुळणाऱ्या प्रतींच्या. 2022 मध्ये बेसबॉलपटू मिकी मँटल याचे टॉप्स कंपनीचे 1952 चे कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरना विकले गेले, ते परीक्षणात दहापैकी साडेनऊ गुण मिळालेल्या प्रतीसाठी. त्याच कार्डाच्या घडी पडलेल्या प्रतीला त्या रकमेचा अगदी किरकोळ अंश मिळतो.

‘नीट करणे’

दहावीच्या गुणपत्रिकेपासून देवाच्या तसबिरीपर्यंत जे जपायचे ते लॅमिनेट करायचे, अशी आपल्याकडे सवय आहे. कॉलेजात असताना मीही फोंड्यातील एका दुकानात माझे सर्वांत चांगले होलो कार्ड, म्हणजे धातूचा चमकदार थर असलेले कार्ड, गरम रोलरखालून काढून आणले होते. गरम गोंद कार्डाच्या पृष्ठभागात कायमचा बसतो, आणि ते प्लास्टिक सोलू गेल्यास वरची छपाई त्याच्यासह निघते. ते कार्ड आजही माझ्याकडे आहे, कारण ते कोणी घेणार नाही.

ओल्या फडक्याने पुसणे, खोडरबराने डाग घासणे, पांढऱ्या पडलेल्या कडांवर स्केच पेन फिरवणे आणि दुमडलेले कार्ड फडक्याखाली धरून इस्त्री करणे, हे सर्व याच जातीचे उपाय आहेत. भिंगाखाली ते ताबडतोब दिसतात आणि मग कार्ड ‘फेरफार केलेले’ ठरते, जे नुसत्या जुनाट कार्डापेक्षा वाईट. कडा सरळ करण्यासाठी कातरणे ही तर सर्वांत महाग चूक. पोकेमॉन आणि मॅजिक या खेळांचे कार्ड 63 बाय 88 मिलिमीटरचे असते, यू-गी-ओ या खेळाचे 59 बाय 86 मिलिमीटरचे. मोजपट्टी लावली की चोरी उघडी पडते. या बाबतीत एक प्रसिद्ध अपवाद सांगितला जातो. सिगारेटच्या पाकिटांतून 1909 ते 1911 या काळात निघालेल्या होनस वॅगनर या खेळाडूच्या कार्डांपैकी सर्वांत नावाजलेली प्रत आपणच कातरली होती, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी 2013 मध्ये दिली, आणि तरीही त्या प्रतीचे नाव कमी झाले नाही. मात्र ती प्रत तोवर स्वतःच एक आख्यायिका बनली होती. आपल्या डब्यातल्या कार्डाला तशी सवलत मिळणार नाही.

पावसाळ्याचे चार महिने

परदेशी संग्राहकांचे सल्ले जसेच्या तसे पाळणाऱ्यांची गोव्यात फसगत होते, कारण ते सल्ले कोरड्या घरांसाठी लिहिलेले असतात. वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, जिथे जुलैमध्ये चपलांनाही बुरशी येते, तिथे कागदाला 45 ते 55 टक्के आर्द्रतेत ठेवणे आपोआप घडत नाही.

होलो कार्ड का वाकते, हे समजले की उपायही समजतो. कार्डाचा कागदी भाग हवेतील ओल शोषून फुगतो, वरचा धातूचा चमकदार थर मात्र फुगत नाही, त्यामुळे कार्ड चमकदार बाजूकडे वळते. जड ग्रंथाखाली दाबून ते काही तास सपाट दिसते आणि पुन्हा वळते, कारण ओल आतच राहिलेली असते. त्याऐवजी कार्ड मऊ स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या मापाच्या पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात 50 टक्क्यांच्या जवळपास आर्द्रता राखणारे दुहेरी पाकीट ठेवून दोन-तीन आठवडे वाट पाहावी. हे पाकीट ओल शोषते तशी गरजेनुसार परतही देते. साधे सिलिका जेल स्वस्त आहे, परंतु लहान डब्यात ते भरमसाट घातल्यास कार्ड उलट्या बाजूला वळू लागते. शिवाय रंग बदलला की त्याचे दाणे तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात, हे बहुतेकजण विसरतात. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवला, तर अंदाजाने वागण्याची वेळ येत नाही.

आपल्या जुन्या घरांत कपड्यांच्या कपाटात पावसाळाभर मंद बल्ब पेटता ठेवण्याची पद्धत आहे. रेशमी साड्यांना ती मानवत असेल. कार्डांना त्या कपाटात ठेवू नये, कारण बल्बशेजारचा कप्पा तापतो, दूरचा ओला राहतो आणि वीज गेली की दोन्ही बदलतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले फडताळही टाळावे. डांबराच्या गोळ्या तर मुळीच ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने काही जातींचे कडक प्लास्टिक मऊ पडून चिकट होते. कसर लागू नये म्हणून घट्ट झाकण पुरेसे आहे.

गठ्ठ्यातील कार्डे एकमेकांना चिकटली असतील, तर ती ओढून सोडवू नयेत. गठ्ठा तसाच कोरड्या डब्यात महिनाभर ठेवल्यावर काही कार्डे आपोआप सुटतात; जी सुटत नाहीत त्यांचा वरचा लेप एकजीव झालेला असतो आणि त्यांची आशा सोडावी. बुरशीचे ठिपके दिसल्यास ते कार्ड आधी इतरांपासून वेगळे करावे, पूर्ण कोरडे होऊ द्यावे आणि मगच घराबाहेर मऊ कोरड्या ब्रशने हलके झाडावे. ओली बुरशी पुसल्यास ती पसरते. उन्हात वाळवणे हा उपाय पापडांसाठी आहे, उन्हाने छपाईचे रंग उडतात.

स्टेशनरीच्या दुकानातील फोटो अल्बमची मऊ, उग्र वासाची पाने बहुधा पीव्हीसीची असतात, आणि त्यातील मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य कालांतराने कार्डावर उतरते. पाकिटावर पॉलिप्रॉपिलीन लिहिलेले असेल तेच घ्यावे.

जत्रेतील सोनेरी कार्डे

खाज्याच्या दुकानाशेजारी खेळण्यांच्या गाळ्यावर सोनेरी पोकेमॉन कार्डांची पाकिटे मिळतात. कंपनीने धातूची अधिकृत कार्डे अगदी मोजकी काढली असून ती बहुतेक महागड्या संचांतून आली आहेत, त्यामुळे गाळ्यावरील पाकीट मुलाच्या हट्टासाठी जरूर घ्यावे, संग्रह म्हणून घेऊ नये. कागदी नक्कल ओळखण्यास सोनाराचे दहापट भिंग पुरते. अस्सल छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांच्या ठरावीक नक्षीने बनलेले असते, पण काळी अक्षरे अखंड, धारदार असतात. नकलेत अक्षरेही ठिपक्यांचीच दिसतात, कारण ती छापील प्रतीवरून स्कॅन केलेली असतात. खात्रीने अस्सल असलेले, त्याच संचातील एखादे स्वस्त कार्ड शेजारी धरून रंग, जाडी आणि पाठीमागची निळी छटा यांची तुलना करून पाहावी. कार्ड फाडून मधला गडद थर पाहण्याची जी युक्ती सांगितली जाते, ती योग्य ठरली तरी कार्ड उरत नाही.

ग्रेडिंग आणि पाठवणी

परीक्षण करून सीलबंद कवचात घालून देणाऱ्या पीएसए, बेकेट यांसारख्या कंपन्या परदेशी आहेत. शुल्क, दोन्ही बाजूंचे टपाल आणि विमा यांची बेरीज कार्डाच्या संभाव्य किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर पाठवू नये. कार्ड परत येताना कस्टम्सच्या दृष्टीने तो बाहेरून आलेला माल ठरतो, म्हणून पाठवतानाची कागदपत्रे आणि कार्डाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे जपून ठेवावीत. आयते कवचबंद कार्ड विकत घेताना त्यावरील क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आणि तिथे छायाचित्र असल्यास त्यातील बारीकसारीक खुणा हातातील कार्डाशी जुळवाव्यात, कारण खरा क्रमांक खोट्या कवचावरही छापता येतो.

साधे कार्ड कुरिअरने पाठवायचे असल्यास आधी मऊ स्लीव्ह, मग टॉपलोडर, म्हणजे वरून उघडे असलेले कडक प्लास्टिकचे कवच, त्याच्या तोंडाला कागदी टेप, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा आणि सर्वांवर बंद प्लास्टिकची पिशवी, असा क्रम ठेवावा. पारदर्शक चिकटपट्टी टॉपलोडरच्या तोंडावर लावू नये. ती उघडताना तिचा गोंद कार्डाच्या वरच्या कडेला लागतो. जून ते सप्टेंबर या काळात मी पिशवीही दुहेरी घालतो.