ट्विटरला वेव्हगाइड बसवताना घसा सांभाळा

‘वेव्हगाइड म्हणजे भोंगाच, लावला की आवाज कर्कश होतो,’ असं बेळगावात जाणती माणसंही सांगतात. चूक आहे ते. वेव्हगाइड, म्हणजे ट्विटरपुढे (स्पीकरमधल्या उंच स्वरांच्या छोट्या भागापुढे) बसवायची पसरट वाटी, आवाजाचा पसारा आवरतो. साडेसहा इंची वूफर, म्हणजे खालचे स्वर देणारा मोठा भाग, २ ते ३ किलोहर्ट्झला आवाज समोर गोळा करू लागतो. सपाट फळीवरचा ट्विटरचा २५ मिमीचा डोम (घुमटासारखा पडदा) मात्र तिथेच तो चौफेर फेकतो. शहापूर-वडगावातल्या अरुंद, फरशीच्या खोल्यांत हा जादा आवाज भिंतींवरून परत येतो आणि भजनातले टाळ कानाला टोचतात.

वेव्हगाइडचं तोंड, म्हणजे बाहेरचं टोक, वूफरएवढं रुंद ठेवा. २ किलोहर्ट्झची लहर सुमारे १७ सेंमीची, चार इंची तोंड तिला आवरत नाही. उद्यमबागेत लेथवर नायलॉनमध्ये कातून घ्या, बाहेरची कडा गोल करून.

आता घसा, म्हणजे वेव्हगाइड डोमला भिडतो ते आतलं अरुंद टोक. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ट्विटरच्या फेसप्लेटवरच (पुढच्या चकतीवरच) वेव्हगाइड चिकटवा, हा सल्ला कृपा करून ऐकू नका. मध्ये तीन-चार मिमीची पायरी राहते. १० किलोहर्ट्झची लहर जेमतेम ३४ मिमीची. तिला एवढी पायरीही अडवते. फेसप्लेट काढायलाच हवी, पण आधी रचना बघा. काही ट्विटरांचा डोम फेसप्लेटलाच जोडलेला असतो, ती उचलली की डोम हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइलही वर येते. असा ट्विटर या कामाला घेऊच नका.

घशाचं भोक डोमच्या मापाचं करू नका. डोमभोवतीचा मऊ काठही आवाज देतो, तो उघडाच राहू द्या. काठ संपतो तिथून भिंत सुरू व्हावी. फट राहिली तर सिलिकॉन भरू नका, डोमला लागलं की ट्विटर गेला. पातळ फोमची चकती कापून बसवा.

मग मायक्रोफोन घेऊन समोरून आणि १५, ३०, ४५, ६० अंशांवरून मोजा. सगळ्या कोनांत आलेखात एकाच जागी खड्डा दिसला तर दोष बहुधा घशात. फक्त समोर दिसला आणि बाजूला सरकताच बुजला, तर तोंडाची कडा तपासा.

जुना क्रॉसओव्हर, म्हणजे वूफर आणि ट्विटरला आपापले स्वर वाटून देणारं सर्किट, तसाच ठेवू नका. वेव्हगाइड २ ते ५ किलोहर्ट्झचा भाग काही डेसिबलने उचलतो. कर्कशपणा येतो तो यातून. ट्विटरच्या वाटेतला कपॅसिटर कमी मायक्रोफॅरडचा करून आधी हा उंचवटा सपाट करा. नुसता रेझिस्टर घातलात तर वरची धारही दबते. ट्विटर आता मागे सरकला आहे, म्हणून त्याच्या तारा सुलट आणि उलट, दोन्ही प्रकारे जोडून मोजा.