सायबर सुरक्षेत यायचंय? आधी लॉग वाचायला शिका

नव्या उमेदवारांच्या मुलाखती घेताना मी एक प्रश्न हमखास विचारते. एका विंडोज सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे संगणक आपोआप ठेवतो त्या नोंदवहीत, रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे लॉगिन फसल्याच्या, शेकडो नोंदी आल्या आहेत. आता काय बघाल? बहुतेक जण लगेच सांगतात, "ब्रूट फोर्स (एकामागून एक पासवर्ड लावून बघणं) आहे, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) ब्लॉक करू." मी मात्र त्यांच्या उलट प्रश्नांची वाट बघत असते. नोंदी एकाच खात्यावरच्या आहेत की अनेक? कुठल्या मशीनवरून आल्या? दोन प्रयत्नांमध्ये अंतर किती? आणि त्यानंतर कुठे ४६२४, म्हणजे यशस्वी लॉगिन, दिसतंय का?

एकच खातं, आतलंच एखादं मशीन आणि बरोबर पाच-पाच मिनिटांनी प्रयत्न, असं चित्र असेल तर बहुधा कुणीतरी बॅकअपच्या सर्व्हिस खात्याचा, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅम वापरतो त्या खात्याचा, पासवर्ड बदललाय आणि शेड्यूल करून ठेवलेल्या कामात जुनाच राहिलाय. एकाच पत्त्यावरून शंभर वेगवेगळी नावं आणि प्रत्येकावर एक-दोनच प्रयत्न असतील, तर तो पासवर्ड स्प्रे. खाती लॉक होऊ नयेत म्हणून हल्लेखोर एकच सोपा पासवर्ड सगळ्यांवर फिरवून बघतो. नोंदीत कारणाचा कोडही असतो: नाव बरोबर पण पासवर्ड चुकला, की या नावाचं खातंच नाही. दुसरा प्रकार जास्त असेल तर समोरच्याकडे खऱ्या नावांची यादी नाही. पहिलाच जास्त असेल तर ती यादी त्याला मिळाली कुठून, हे शोधायला लागायचं.

या क्षेत्रात यायचं तर काय शिकू, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते. हॅकिंगची साधनं नंतर. आधी सगळं सुरळीत चाललेलं असताना संगणक आणि नेटवर्क कसे दिसतात ते इतकं ओळखीचं करून घ्या, की जरा वेगळं काही आलं तर डोळ्यांना खुपलं पाहिजे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकवापराच्या हिशोबात फक्त ७५ सेंटचा फरक आला, आणि तो शोधायचं काम तिथले संगणक सांभाळणाऱ्या क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे आलं. त्याचा माग काढत ते जर्मनीतल्या एका हॅकरपर्यंत पोचले, आणि तो अमेरिकेतल्या लष्करी संगणकांतली माहिती केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेला विकत होता. हिशोब जुळायलाच हवा हे माहीत होतं, म्हणून एवढासा फरकही खुपला.

सुरुवात नेटवर्कपासून करा. वायरशार्क हा नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारा प्रोग्रॅम उतरवून घ्या, पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पकडायला लावा आणि ब्राउझरमध्ये एकच पान उघडा. मग थांबवा आणि एकेक ओळ समजून घ्या. आधी डीएनएसची विचारणा (या नावाचा आयपी पत्ता कोणता?), बहुधा पोर्ट ५३ वर; पोर्ट म्हणजे मशीनवरच्या एकेका सेवेच्या दाराचा क्रमांक. मग सिन, सिन-ॲक, ॲक ही जोडणी उभारणारी तीन पॅकेटं. मग टीएलएसचा, म्हणजे मजकूर गुप्त करणाऱ्या पद्धतीचा, क्लायंट हॅलो हा पहिला संदेश, ज्यात सर्व्हरचं नाव बहुतेकदा उघडं वाचता येतं. मजकूर गुप्त असला तरी कुणी कुणाशी, कधी आणि किती बोललं हे दिसतंच, आणि तपासात त्याचाच उपयोग जास्त होतो. ४४३, २२, ४४५, ३३८९ हे पोर्ट क्रमांक कशाचे ते विचार न करता सांगता यायला हवं. आयपी पत्ता बघताक्षणी खासगी (आतल्या नेटवर्कचा) की बाहेरचा हेही. १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते खासगी असतात, तिथे बरेच जण अडखळतात.

ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही हव्यात. लिनक्ससाठी ओव्हर द वायर या साइटचा 'बँडिट' हा खेळ अप्रतिम आहे. फुकट आहे, एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सुरक्षित जोडणी) जोडायचं आणि पायरी पायरीने कमांड शिकायच्या. ग्रेप, कट, सॉर्ट, युनिक या चार कमांड एकमेकींना जोडता आल्या की लॉगच्या लाखो ओळींतून दहा कामाच्या ओळी काढता येतात. विंडोजकडे मात्र शिकणारे पाठ फिरवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. कंपन्यांची खाती, परवानग्या, फाइल सर्व्हर फार मोठ्या प्रमाणावर ॲक्टिव्ह डिरेक्टरी या मायक्रोसॉफ्टच्या मध्यवर्ती व्यवस्थेवर चालतात, आणि हल्लेखोरही तिथेच घुसायला बघतात.

आता लॅब. एवढा एकच भाग केलात तरी चालेल, पण नीट करा. व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात दुसरे आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) घ्या, त्यात एक विंडोज सर्व्हर आणि एक लिनक्स टाका. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती मायक्रोसॉफ्ट १८० दिवस मोफत वापरू देतं. दोन्ही मशीनचं नेटवर्क 'होस्ट-ओन्ली' ठेवा, म्हणजे तुमचे प्रयोग बाहेर जाणार नाहीत. विंडोजवर सिसमॉन बसवा, तो जास्त तपशिलात नोंदी ठेवतो. मग लिनक्सवरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपवर मुद्दाम चुकीचे पासवर्ड देत राहा, शेवटी बरोबर द्या आणि नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. पुस्तकात रिमोट डेस्कटॉपचा लॉगिन प्रकार १० दिलेला असतो, पण फसलेले प्रयत्न बहुधा प्रकार ३ म्हणून दिसतील, कारण नेटवर्क पातळीवरची ओळखतपासणी सेशन उघडण्याआधीच होते. पुढे नवं खातं तयार करा, ४७२० येईल. सिक्युरिटी लॉग पुसून टाका, ११०२ येईल. पुसल्याचीच नोंद राहते हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की कायमचं लक्षात राहतं. प्रत्येक कृतीसमोर तिची नोंद लिहून ठेवा आणि ती मायटर ॲटॅकच्या, म्हणजे हल्लेखोरांच्या पद्धतींच्या वर्गवारीच्या, तक्त्यात कुठे बसते ते शोधा.

प्रोग्रॅमिंग किती यायला हवं? लिनक्सचा लॉग वाचून कुठल्या पत्त्यावरून किती प्रयत्न फसले याची यादी देणारी पायथॉनची स्क्रिप्ट कुणाची मदत न घेता लिहिता आली, तर सुरुवातीला तेवढं पुरे. वेबच्या बाजूला जायचं असेल तर जास्त लागेल. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी मोफत आहे, आणि ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं ज्यूस शॉप, म्हणजे सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबसाइटही. ओवॅस्पच्या वेबवरच्या धोक्यांच्या २०२१ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती परवानग्यांची ढिलाई: पत्त्यातला ऑर्डर क्रमांक १००१ चा १००२ केला की दुसऱ्याचं बिल दिसतं. यात साधन कसलंही लागत नाही, हा आकडा बदलला तर काय होईल असं मनात येणं लागतं.

जुन्या घटनांचा अभ्यास करा, पण हल्ला कसा झाला एवढ्यावर थांबू नका. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम १२ मे २०१७ ला पसरला. ज्या त्रुटीतून तो घुसला, तिचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. मग दोन महिन्यांत तो का बसवला गेला नाही? कुठे जुनी मशीन होती, कुठे बंद करता न येणारी उपकरणं होती, कुठे आपल्याकडे अशी किती मशीन आहेत याची यादीच नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल ही त्रुटी उघड झाली तेव्हाही असंख्य टीमचे पहिले दिवस लॉगफोरजे, म्हणजे ती त्रुटी असलेला लॉग लिहिणारा तयार कोड, नेमकं कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये दडलंय हे शोधण्यातच गेले. नोकरीत रोजचं काम बरंचसं असं असतं, आणि ते मन लावून करणारा माणूस मला टीममध्ये हवा असतो.

आणखी एक कौशल्य आहे, ज्याचा सराव जवळजवळ कुणीच करत नाही: लिहिणं. "संशयास्पद हालचाल आढळली, कृपया तपासावे" या तिकिटाचा पुढच्या शिफ्टला काडीचाही उपयोग नाही. "रात्री २:१४ ते २:३१, वेळ यूटीसी. एका बाहेरच्या पत्त्यावरून ४० खात्यांवर प्रयत्न, एक यशस्वी. ते खातं बंद केलं, मशीन नेटवर्कपासून तोडलं, पण मेमरीतला पुरावा जाऊ नये म्हणून चालू ठेवलं. त्या खात्याच्या मेलबॉक्सचे नियम अजून बघितलेले नाहीत." असं लिहिलं की कुणीही तिथून पुढे काम उचलू शकतं. काय तपासलं नाही ते लिहायला लाजू नका. आणि वेळ कुठल्या टाइमझोनची ते नेहमी लिहा. फायरवॉल एका वेळेत आणि सर्व्हर दुसऱ्या वेळेत नोंदी ठेवत असेल, तर घटनांचा क्रमच उलटा लागतो.

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. सुरुवातीला कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस ठीक आहे. पेनेट्रेशन टेस्टिंगकडे (परवानगीने हल्ला करून त्रुटी शोधणं) जायचं असेल तर ओएससीपी. त्याची प्रात्यक्षिक परीक्षा जवळजवळ २४ तास चालते आणि नंतर अहवालही लिहावा लागतो. सीआयएसएसपीला ५ वर्षांच्या अनुभवाची अट आहे, त्यामुळे नवख्यांनी त्यामागे आत्ताच लागू नये. कुठलंही प्रमाणपत्र लॅबच्या आधी घेऊ नका.

परवानगीबाबत मी अजिबात सूट देत नाही. दुसऱ्याच्या सिस्टिमवर, मग ती मित्राची असो की कॉलेजची, लेखी परवानगीशिवाय साधा पोर्ट स्कॅनसुद्धा (कुठले पोर्ट उघडे आहेत ते बघणं) करू नका. परवानगीत कुठले पत्ते, कुठल्या तारखा आणि काय करायचं नाही हे स्पष्ट लिहिलेलं असावं. "मी फक्त बघत होतो" हे चालणार नाही. ज्या माणसाच्या हाती आम्ही सगळ्या चाव्या देणार, त्याच्याबद्दल आमची पहिली चौकशी हीच असते.

अर्ज करताना साधनांची लांबलचक यादी देण्याऐवजी लॅबमधल्या एका प्रयोगाचा दोन पानी अहवाल जोडा. काय केलं, कुठल्या नोंदी आल्या, अपेक्षेपेक्षा वेगळं काय दिसलं, ते पकडण्यासाठी कोणता नियम लिहिला आणि त्या नियमात खोटे इशारे कुठून आले. हा शेवटचा मुद्दा लिहिलेला दिसला, तर मी मुलाखतीत तिथूनच सुरुवात करते.