केसपेपरवरची गोळी आणि पोटातली गोळी

मानसोपचाराच्या टीममध्ये औषधांचा आढावा घ्यायला नव्याने येणारे बहुतेक फार्म-डी (औषधशास्त्राचे पदवीधर) आधी मोबाइलवर इंटरॅक्शनचं, म्हणजे कुठली औषधं एकमेकांना बाधतात ते सांगणारं अ‍ॅप उघडतात. ते मिटा, पेशंटची पिशवी उघडा. अ‍ॅपला केसपेपर कळतो, पोट कळत नाही.

नवे इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर. कागदावर रिस्पेरिडोन (भास-भ्रमावरचं औषध) ४ मि.ग्रॅ., घरी पेशंट घेतो २, तेही अधूनमधून. आवाज ऐकू येणं थांबत नाही. बैठकीत ‘रिस्पॉन्स नाही’ ठरतं, डोस ६ होतो, मग ८. घरी मात्र २च चालू. पुढे तो भरती होतो, सिस्टर समोर उभ्या राहून पूर्ण ८ देतात आणि दोन-तीन दिवसांत अंग आखडतं, हात थरथरतात, उठताना बीपी पडतं. त्यावर ट्रायहेक्झीफेनिडिल २ मि.ग्रॅ. सुरू होतं, त्याने बद्धकोष्ठता, विसराळूपणा, मग त्यावर आणखी गोळ्या.

म्हणून डोसला हात लावण्याआधी केसपेपर, पट्टीत उरलेल्या गोळ्या आणि घरच्यांचं म्हणणं जुळतंय का बघा. ‘औषध घेता ना?’ला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?’ असं विचारा. गोळ्या राहतात त्या दर वेळी हट्टानेच असं नाही. महापे-रबाळे एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याने झोप आणणारी ‘रात्रीची’ गोळी कधी घ्यायची, हे कुणी सांगितलेलंच नसतं. पट्टीवरचं बारीक अक्षरही वाचा. सरकारी खिडकीवरची जेनेरिक आणि मेडिकलमधली ब्रँडेड गोळी एकच निघते, आणि पेशंट दोन्ही घेत असतो.

टेबलावर बसून लाल पेनाने चार्ट तपासणाऱ्या सीनियरच्या मागे फिरू नका. राउंडला सिस्टरांजवळ उभे राहा, सोशल वर्करशी बोला. घरात गोळ्या कोणाच्या हातात असतात ते त्यांनाच ठाऊक असतं.

क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध) घेणाऱ्याला बिडी विचाराच. धुरामुळे यकृत हे औषध लवकर निकामी करतं. वॉर्डात बिडी सुटली की डोस तोच राहूनही आठवडाभरात रक्तातली पातळी बरीच चढते. हा परिणाम धुराचा, निकोटिनचा नाही, त्यामुळे तंबाखू मळणाऱ्याला हा हिशोब लावू नका. शौचाला होतं का, हे मात्र दर भेटीत विचारा. क्लोझापिनची बद्धकोष्ठता जिवावर बेतते.

लिथियमची (मूड स्थिर ठेवणारं औषध) पातळी तपासायचं रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं. कर्जत-कसाऱ्याहून पहाटेच्या लोकलने निघालेला माणूस सकाळची गोळी घेऊन आला, तर आकडा खोटाच जास्त दिसणार. गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या, असं आधीच्या भेटीत सांगा. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक चालू असेल, तर मात्र पातळी खरीच वाढलेली असू शकते.

औषधांच्या नावांची भीती बाळगू नका, ती कानावर पडून बसतात. घाई मात्र नको: शक्यतो एका वेळी एकच औषध बदला, ट्रायहेक्झीफेनिडिल एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने उतरवा, आणि पुढचा फोन कोण कधी करणार, ते नाव नि तारखेसह केसपेपरवर लिहा.