नीसला राहायला येताय? मग जुलैत येऊ नका

दर उन्हाळ्यात कुणाचा तरी मेसेज येतो. "ताई, ऑफर लेटर आलं! सोफिया अँतिपोलिसला जॉइन होतोय. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नीसला उतरतोय. घर कुठे बघू?" सोफिया अँतिपोलिस म्हणजे नीसजवळचं टेक्नॉलॉजी पार्क. मी अभिनंदन करते आणि लगेच विचारते, जॉइनिंग सप्टेंबरवर ढकलता येईल का? समोरच्याला वाटतं, ताईंना नको असेल आपण यायला.

तसं नाही. नीस हे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, पाहुण्यांचं शहर आहे. अठराव्या शतकात इंग्रज हिवाळा काढायला इथे येऊ लागले, समुद्रकाठच्या रस्त्याला नावसुद्धा त्यांचंच पडलं: प्रोमेनाद देझांग्ले, इंग्रजांचा फेरफटका. आता गर्दी उन्हाळ्याची. घरभाडं, बसमधली जागा, भाजीचे भाव, सगळं पाहुण्यांच्या हंगामावर चालतं. पाहुणे कधी येतात आणि कधी जातात एवढं कळलं की अर्धं शहर कळलं.

2013 च्या सप्टेंबरमध्ये मी विद्यार्थिनी म्हणून आले. बंदराजवळ चौथ्या मजल्यावर फर्निचरसकट खोली मिळाली, खिडकीतून समुद्राची एक चिरी दिसायची. मी खूश. भाडेकरार फ्रेंचमध्ये होता, मी शेवटच्या पानावर सही केली. मे महिन्यात मालकीणबाईंचं पत्र आलं: करार नऊ महिन्यांचा आहे, जूनमध्ये खोली रिकामी करा. उन्हाळ्यात तीच खोली त्या आठवड्याच्या हिशेबाने पर्यटकांना द्यायच्या. कायद्याने त्यांचं काहीच चुकत नव्हतं, विद्यार्थ्यांसाठी नऊ महिन्यांचा करार चालतो. दोन सुटकेसा घेऊन मी तीन मैत्रिणींकडे आळीपाळीने अडीच महिने काढले. म्हणून म्हणते, जुलैत घर शोधायला येऊ नका.

नोकरीवाल्यांना आता ‘बाय मोबिलिते’ नावाचा करार पुढे करतात. एक ते दहा महिने, दहाच्या पुढे वाढत नाही आणि त्याचं नूतनीकरणही होत नाही. त्यात डिपॉझिट नसतं म्हणून माणूस भुलतो. तुम्हाला हवा तो साधा करार: फर्निचरसह घराचा एक वर्षाचा, रिकाम्या घराचा तीन वर्षांचा. डिपॉझिट पहिल्यात जास्तीत जास्त दोन महिन्यांचं मूळ भाडं, दुसऱ्यात एका महिन्याचं. यापेक्षा जास्त मागितलं तर ते बेकायदेशीर आहे. मालक जामीनदार मागतो, तेव्हा ‘विझाल’ ही मोफत हमी आधी काढून ठेवा, तिशीच्या आतल्यांना ती सहज मिळते. आणि "मी लंडनला असतो, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल" म्हणणारा मालक भेटला की फोन ठेवा. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक युरो द्यायचा नाही. चावी घेताना जी पाहणी होते, त्यात भिंतीवरचा ओरखडासुद्धा लिहून घ्या आणि फोटो काढा. जाताना डिपॉझिट त्याच कागदावरून कापलं जातं.

आता राहायचं कुठे? सोफिया अँतिपोलिस हे काही नीसमध्ये नाही. 1969 मध्ये पाइनच्या जंगलात वसवलेलं टेक्नॉलॉजी पार्क आहे ते, आँतीब आणि व्हालबोनच्या बाजूला. नीसहून हायवेने रोज जायचं म्हणजे हिंजवडीची आठवण येईल, फक्त खिडकीबाहेर समुद्र. लहान मुलं असतील आणि ऑफिस तिकडे असेल तर आँतीब बघा. एकटे असाल, गाडी नसेल, संध्याकाळी माणसं दिसायला हवी असतील तर नीसच, ट्रामच्या जवळ. महिन्याच्या पासाचे निम्मे पैसे कंपनीने द्यायचे असा कायदा आहे. एचआर आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही विचारा.

कागदपत्रांचं थोडक्यात. रेसिडेन्स परमिटचं काम करणारा लाँग स्टे व्हिसा (VLS-TS) असेल तर आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या चार ते दोन महिने आधी टाकायचा. कॅलेंडरमध्ये आजच टाका. जन्मदाखल्याचं अधिकृत भाषांतर तयार ठेवा, तो कुठेही मागतात.

भाषेचं म्हणाल तर पहिला शब्द एकच, बोंझूर. बेकरीत, बसमध्ये, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्येसुद्धा. आपण दुकानात शिरून थेट "हे केवढ्याला?" विचारतो, त्यात आपल्याला काही वाटत नाही. इथे तो उद्धटपणा. आधी बोंझूर म्हटलंत की मोडकंतोडकं पुढचं सगळं माफ.

जेवणाची काळजी करू नका. नीसचा खास पदार्थ सोका म्हणजे आपलं धिरडंच: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा करपलेल्या, वरून भरपूर मिरपूड. कागदात गुंडाळून गरम गरम हातात देतात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी हिरवी मिरची शोधत होते. या सोक्याच्या कृपेने हरभऱ्याचं पीठ इथल्या दुकानात सहज मिळतं. ते काबुली हरभऱ्याचं, त्यामुळे पिठल्याला चव किंचित वेगळी येते, पण येतं. झुकिनीच्या फुलांची भजीसुद्धा इथलीच, भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांची चुलत बहीण. भाजीला कूर सालेयाचा बाजार देखणा आहे, पाहुण्यांना दाखवायला ठेवा. तिथे सोमवारी भाजी नसते, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. रोजच्यासाठी लिबेरासिओंचा बाजार, ट्राम एक नंबर, सकाळी.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. मी चिपळूणची. वाशिष्ठीचं पाणी घरात आलेलं पाहिलेलं. त्यामुळे इथल्या पावसाच्या इशाऱ्याला मी हसायचे. 3 ऑक्टोबर 2015 च्या रात्री या किनाऱ्यावर दोनेक तासांत इतका पाऊस पडला की कान (Cannes), आँतीब, मांदल्यू या गावांच्या भागात वीस माणसं गेली. त्यातली काही जण तळघरातल्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढायला खाली उतरली होती. आपल्याकडे पाणी चढताना दिसतं, इथे मागच्या डोंगरावरून ते एकदम कोसळतं. तेव्हापासून शरद ऋतूत ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की मी घरात. गाडी गेली तर विमा आहे. तळघरात उतरायचं नाही.

समुद्राचंही तेच. नीसला वाळू नाही, गोटे आहेत. रबरी बूट घ्या. दोन पावलांत पाणी गळ्याशी येतं आणि लाट असेल तर गोट्यांवरून बाहेर निघता येत नाही. गुहागरचा अनुभव इथे कामाचा नाही.

फेब्रुवारीत कार्निव्हल. दोन आठवडे मासेना चौकात प्रचंड पुतळ्यांच्या मिरवणुका, प्रोमेनादवर फुलांची लढाई. ही लढाई 1876 पासून चालू आहे. सजवलेल्या रथांवरून मिमोझाच्या पिवळ्या फांद्या फेकतात, आपण झेलायच्या. शेवटी कार्निव्हलच्या राजाला जाळतात, आणि होळीच्या आसपासच्या दिवसांत ती आग बघताना बोंब मारायची इच्छा आवरावी लागते. पहिल्या वर्षी तिकीट काढून जरूर बघा. नंतर तुम्हीही आमच्यासारखे, ट्राम कुठे अडवली आहे एवढंच विचाराल. मे महिन्यात कानचा फिल्म फेस्टिव्हल असतो आणि जूनच्या सुरुवातीला मोनाकोची कार रेस (2025 पर्यंत तीही मेमध्येच असायची). तेव्हा आई-बाबांना बोलावू नका, हॉटेलचे दर बघून बाबा परत जायचं म्हणतील. त्यांना ऑक्टोबरमध्ये बोलवा. गर्दी ओसरलेली, पाणी अजून कोमट, प्रोमेनादवरच्या निळ्या खुर्च्या रिकाम्या. फक्त हवामानाचा इशारा बघून.

आणि हो, दुपारी बाराला किल्ल्याच्या टेकडीवरून मोठा बार होतो. रोज होतो. घाबरू नका, जेवायची वेळ झाली.

बॅग भरताना: मसाले, पुरणयंत्र, गोडा मसाला आणा. कुकर आणणार असाल तर तळाला चुंबक लावून बघा. नव्या घरांत बरेचदा इंडक्शन शेगडी असते आणि तिच्यावर आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नुसता बसून राहतो, शिट्टी काही देत नाही. स्टीलचा घ्या, आणि रिंगा दोन जादा.