वेबसाइट करून घेताय? डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

कोल्हापुरात वेबसाइट करून देणाऱ्यांची कमी नाही. राजारामपुरीत ऑफिस थाटलेल्या कंपन्या आहेत, घरातून काम करणारी इंजिनिअरिंगची पोरंही आहेत, आणि त्यातल्या अनेकांचं काम चांगलं असतं. तरीही नव्या धंदेवाल्याची वेबसाइट अडकते, कारण व्यवहार तोंडी झालेला असतो. "पाहुण्यांतला पोरगा आहे, त्याच्याकडून लिहून कसं घ्यायचं?" हा संकोच पुढे दोघांनाही महाग पडतो.

सगळ्यात मोठी चूक डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याची. डेव्हलपर म्हणतो, "तुम्ही काळजी करू नका, मी बघतो सगळं," आणि स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर डोमेन घेतो. बहुतेक वेळा यात वाईट हेतू नसतो, त्याला ते सोपं पडतं एवढंच. पण पुढे तो पुण्याला नोकरीला लागतो, नंबर बदलतो आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहतात. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) सहसा काही दिवस थांबतो. डोमेन रद्द झालं तर पुढचे ३० दिवस भरमसाट जादा पैसे भरून ते सोडवता येतं. त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतो. काही रजिस्ट्रार तर त्याआधीच ते लिलावात काढतात. दुकानाच्या पाटीवर, पिशव्यांवर, बिलांवर छापलेला पत्ता मग दुसऱ्याचा होतो.

म्हणून रजिस्ट्रारकडचं खातं तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर हवं आणि ओटीपी तुमच्याच मोबाइलवर यायला हवा. डेव्हलपरला कामापुरता प्रवेश देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, ती वापरा. होस्टिंगलाही, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवतात त्या भाड्याच्या जागेलाही, हाच नियम. गूगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलचे मालक तुम्ही राहा आणि डेव्हलपरला मॅनेजर करा. पेमेंट गेटवे (वेबसाइटवर पैसे घेण्याची सेवा) तर तुमचा पॅन आणि तुमचं बँक खातं लावूनच उघडा. "सध्या माझ्या खात्यावर घेऊ, नंतर बदलू" याला सरळ नाही म्हणा.

डोमेन आधीच त्याच्या नावावर गेलं असेल तर? आयकॅन या डोमेनची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या लुकअपमध्ये डोमेन टाकून रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते ते बघा. मालकाचं नाव तिथे सहसा झाकलेलं असतं. मग डेव्हलपरला फोन करा, त्याचे थकलेले पैसे आधी भागवा आणि भांडण न काढता डोमेनचं लॉक काढायला सांगून ऑथ कोड (डोमेन हलवायला लागणारा गुप्त कोड) मागा. डॉट कॉम घेऊन किंवा हलवून ६० दिवस झाले नसतील तर ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. अशा वेळी त्याच रजिस्ट्रारकडे तुमचं खातं उघडा आणि तिथे ते वळवून घेता येतं का विचारा. डेव्हलपर डोमेन देतच नसेल तर डॉट इन डोमेनसाठी निक्सीकडे (डॉट इनचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे) तक्रारीची रीतसर पद्धत आहे. पण तिथे त्या नावावर तुमचा हक्क असल्याचं दाखवावं लागतं. ट्रेडमार्क घेतलेला असला की ते सोपं जातं.

वेबसाइटच्या कोडचंही असंच आहे. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असं अनेकांना वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने केलेल्या कामाचा मालक सहसा धंद्याचा मालक असतो. बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामात मात्र तसा करार नसेल तर हक्क काम करणाऱ्याकडेच राहतो. तो हक्क सहीनिशी लेखीच द्यावा लागतो. कागदावर मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच हक्क मिळतो. करारात दोन ओळी जास्त लिहिल्या की हा प्रश्न मिटतो.

आता आपल्या बाजूची चूक. मजकूर आणि फोटो वेळेवर न देणं हे काम रखडण्याचं नेहमीचं कारण आहे. चपलेचा धंदा असेल तर कापशी प्रकारची चप्पल म्हणजे काय, चामडं कसं कमावलेलं आहे, कोणत्या मापाला तळव्याची लांबी किती सेंटिमीटर, हे डेव्हलपरला माहीत नसतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्याबद्दल काय लिहायचं हेही तुम्हीच ठरवायचं. मापांचा तक्ता नसला की परत येणारा माल वाढतो.

मराठी मजकुराची एक अडचण हमखास येते. छापखान्याने केलेल्या माहितीपत्रकातला मजकूर जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये असतो आणि तो वेबसाइटवर चिकटवला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसतो. तो युनिकोडमध्ये (सगळीकडे नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्या आणि जोडाक्षरं स्वतः तपासा, कारण बदलताना नेमकी तीच बिघडतात.

पैसे टप्प्याने द्या. सुरुवातीला ३० टक्के, कच्ची वेबसाइट दिसल्यावर ४०, सगळं ताब्यात आल्यावर ३० ही वाटणी दोघांनाही परवडते. दर जीएसटी धरून आहे की सोडून, वेबसाइटवर माल कोण चढवणार, दुरुस्त्या किती वेळा, पुढच्या वर्षी किती भरायचे, हे कोटेशनमध्येच असू द्या. आणि रात्री अकराला व्हॉट्सॲपवर "एवढंच बदला" असे दहा निरोप टाकू नका. आठवड्याची एकच यादी द्या. डेव्हलपरच्या वेळेलाही किंमत असते.

गूगलवर पहिल्या नंबरची हमी देणाऱ्याला काम देऊ नका. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलने सांगितलेलं आहे. वेबसाइट उघडल्यावर मध्येच जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या तर चोरीची थीम (तयार मांडणी) किंवा प्लगइन (वेबसाइटला जोडायची तयार सोय) वापरलंय का ते आधी तपासा. विकतच्या थीमची पावती सुरुवातीलाच मागितलेली बरी.

शेवटचा हप्ता देण्याआधी वायफाय बंद करून स्वतःच्या मोबाइलवरून १० रुपयांची ऑर्डर टाका, ती रद्द करा आणि पैसे परत आले का बघा. मग दुसरी ऑर्डर टाका आणि ती रक्कम तुमच्या बँक खात्यात जमा होईपर्यंत थांबा.