पुस्तक स्वतः काढायचंय? मग वाचकही स्वतःच गाठा

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर मी दिवाणजी. दिवसा शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहायच्या, रात्री कथा. कथासंग्रह स्वतःच काढला, तेव्हापासून यार्डातली लिहिणारी पोरं विचारत असतात, "मामा, सुरुवात कुठनं करायची?"

लेखन कार्यशाळेपासनं करा. पण पाहुणा दिवसभर बोलणार, संध्याकाळी प्रमाणपत्र नि ग्रुप फोटो, असल्या ठिकाणी पैसे घालू नका. ते कागदाला लावा. नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या, "आमचं लिखाण तिथं वाचलं जाणार का?" उत्तर गुळमुळीत आलं तर चार लिहिणारी माणसं गोळा करून घरीच बसा.

बसायचं कसं, तेही सांगतो. आपली कथा आपण वाचायची नाही. आपण वाचताना आवाजानं सगळं सावरून घेतो. दुसऱ्याच्या हातात द्या, आपण दुसरी प्रत नि पेन्सिल घेऊन गप्प बसा. वाचणारा अडखळला की रेघ, कुणी मोबाइल काढला की फुली. "मला तिथं असं म्हणायचं होतं" हे वाक्य तोंडातनं काढायचं नाही. वाचकाला समजवायला तुम्ही त्याच्या घरी जाणार आहात काय?

आणि ज्यांच्याविषयी लिहिलंय, त्यांच्यातला एक तरी ऐकायला बसवा. माझ्या कथेत सौद्याचा प्रसंग होता, व्यापारी चांगला सात ओळी बोलत होता. आमच्या हमालमामांनी ऐकलं नि म्हणाले, "एवढं बोलंस्तवर माल गाडीत चढला असता की!" सात ओळींचे दोन शब्द झाले. कुठल्या तज्ज्ञानं हे सांगितलं नसतं.

छपाईचं थोडक्यात. एक फॉर्म, म्हणजे छापून घडी घातलेला मोठा कागद, सोळा पानांचा, म्हणून 112 पानं बसवली तर सात फॉर्म नेमके भरतात. 116 झाली की आठव्या फॉर्मात बारा पानं कोरी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडनं फुकट मिळतो, लेखकालाही मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात नेमलेल्या इतर ग्रंथालयांना प्रती स्वखर्चानं पाठवायच्या असतात, त्या बाजूला काढून ठेवा.

आता वाचक. शाहू स्मारकाच्या सभागृहात प्रकाशन करायची हौस सगळ्यांनाच असते. करा, पण तिथं निम्मे पाहुणेच असतात. पुस्तक घेतात ते तुमच्याकडं बघून, आणि कपाटात ठेवतात. खरा वाचक वाचनालयात भेटतो. शहरात 1850 पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहेच, पण कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडच्या गावांतली छोटी वाचनालयंही सोडू नका. प्रत देताना ग्रंथपालांना सांगा, "दाखलनोंद करून देवघेवीत ठेवा." नाहीतर भेट आलेल्या गठ्ठ्यात ती तशीच पडून राहते. काही महिन्यांनी जाऊन शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघा. एका गावात माझ्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर जांभळे शिक्के एकाखाली एक, काही तर एकमेकांवर चढलेले. त्या दिवशी चहा मीच पाजला सगळ्यांना.

शिक्के दिसले की तिथंच वाचनाचा कार्यक्रम मागा. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, या दोन तारखांना वाचनालयंच वक्ता शोधत असतात. महिनाभर आधी फोन करा. एकच कथा वाचा, तीही अर्धी, उरलेली पुस्तकात. नंतर "कसं वाटलं?" विचारू नका, आपल्याकडं कुणी तोंडावर वाईट बोलत नाही. "कुठं कंटाळा आला?" विचारा. वहीत नाव, गाव आणि कुठली कथा लक्षात राहिली ते लिहा. दुसरं पुस्तक आलं की पहिला फोन याच वहीतल्यांना.

पुरस्कारांचं म्हणाल तर प्रवेश शुल्क घेऊन सन्मानचिन्ह घरपोच देणाऱ्यांच्या नादी लागू नका. आपल्याकडं दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेचे पुरस्कार आहेत. राज्याच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकासाठी वेगळा गट असतो. दरवर्षीच्या जाहिरातीतल्या तारखा नि अटी नीट वाचा. अर्जाबरोबर पुस्तकाच्या प्रतीही द्याव्या लागतात, तेव्हा छापखान्याला आकडा सांगतानाच त्या धरा. गावकीत वाटून संपल्यावर मग शोधत बसायला नको.